थांबल्यावरही जळणारा दिवा

लग्न झालं आणि आमचा संसार दोन जिल्ह्यांत वाटला गेला. ती सातारा जिल्ह्यात, म्हसवडजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका. मी सांगली जिल्ह्यात, कडेगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागणं ही काय चीज असते, हे ज्यांनी मागितली त्यांनाच विचारावं. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही दोघंही तरुण होतो, आणि आमच्या मधे सत्तर किलोमीटरचा रस्ता पसरला होता.

उसाचा हंगाम सुरू झाला की कारखाना दिवसरात्र चालतो. मला रविवारची सुट्टी होती, पण ज्या आठवड्यात दुसरी पाळी असे त्या आठवड्यात शनिवारी रात्री बारापर्यंत काट्यावर उभं राहावं लागे आणि सोमवारी सकाळी पुन्हा हजर व्हावं लागे. रविवारी सकाळच्या एसटीनं निघालो, तर विट्याला गाडी बदलून, दुसऱ्या गाडीची वाट बघून म्हसवडला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजायचा. परतीची शेवटची गाडी चारला. म्हणजे जेवायचं, हात धुवायचे आणि स्टँडचा रस्ता धरायचा. नवीन लग्न झालेल्या माणसाचं एवढ्यानं काय होतंय!

म्हणून मी सायकल काढली. बारा वाजता पाळी सुटली की डोक्याला मफलर गुंडाळायचा आणि मायणीच्या रस्त्याला लागायचं. उजाडायच्या आत म्हसवड. परत येताना सायकल एसटीच्या टपावर आणि मी खाली खिडकीशी. काट्यावरचे सगळे मला वेडा म्हणायचे. म्हणू देत. मी मुळातच हट्टी माणूस आहे, त्यात कुणी वेडा म्हटलं की माझा हट्ट दुप्पट होतो.

आता रात्रीच्या सायकलीला दिवा हवा, आणि त्या काळी दिवा म्हणजे डायनामो. बाटलीच्या आकाराचं एक यंत्र मागच्या टायरला टेकवायचं. चाक फिरलं की त्याचं डोकं फिरतं आणि पुढचा दिवा लागतो. सेल नकोत की काही नको. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, कारण तो उजेड माझ्या पायांतून निघायचा. रात्रभर मागच्या चाकाशी त्याची घूं घूं चाललेली असे, तेवढीच सोबत. पण स्वभावानं तो अगदी कामचुकार होता. सपाटीवर लखलखाट करायचा. चढ लागला, वेग कमी झाला, खड्डा कुठं आहे हे बघायची खरी गरज पडली की डोळे मिटायचा. उतारावर फार पळवलं तर बल्ब उडवून द्यायचा, म्हणून मी शर्टाच्या खिशात कापसात गुंडाळून एक जादा बल्ब ठेवत असे. आणि सायकल थांबली की संपलंच, दिवा गुल. लघवीला थांबलो तरी अंधारात.

तरीसुद्धा त्या रात्रींइतका आनंद मला फार थोड्या गोष्टींनी दिला असेल. कारखान्याच्या आवारातला मळीचा आंबूस वास दोन-तीन गावं पाठलाग करायचा, मग एकदम सुटायचा आणि ओल्या उसाचा वास यायचा. ओढ्याच्या खोलगटात उतरलं की थंडी मांड्यांना चावायची, वर चढलं की हवा पुन्हा कोमट. मायणीच्या तलावावर पाखरं झोपेत कुजबुजायची. मायणीच्या पुढं ऊस संपतो, झाडं संपतात आणि नुसता माळ लागतो. तिथं आभाळ इतकं मोठं व्हायचं की मी मोठमोठ्यानं गाणी म्हणायचो. माझा आवाज चांगला नाही. पण त्या माळावर माझ्या गाण्याला कुत्र्यांखेरीज कुणी नावं ठेवली नाहीत.

पहाटे म्हसवडला पोचलो की ती दारात उभी असायची, हातात बादली घेऊन. एका फौजी माणसाच्या घरात वरची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. फौजी सीमेवर, आणि खाली त्याची बायको, आमची घरमालकीण. "एवढ्या पहाटे उठलीस कशी?" मी विचारायचो. "नळाला पाणी येतं," ती म्हणायची. म्हसवडला पाणी तीन-चार दिवसांआड यायचं, पण माझ्या रविवारी मात्र हटकून असायचं. हे मला खटकायला हवं होतं. पण मला चहा दिसत होता, ती दिसत होती. पाण्याच्या वेळापत्रकाचा विचार कोण करतो!

असे तीन-चार रविवार मजेत गेले, आणि मग मी उसात घुसलो.

उसात म्हणजे शेतात नव्हे, बैलगाडीवरच्या उसात. आमच्या भागात हंगामात रात्रभर उसाच्या गाड्या कारखान्याकडं चाललेल्या असतात. गाडीवान उसावर घोंगडं घेऊन झोपलेला, बैल आपले वाटेनं चाललेले. त्यांना रस्ता पाठ असतो. त्या रात्री एक गाडी वाटेतच उभी होती. तोंड मी चाललो होतो त्याच दिशेला, म्हणजे कारखान्याकडं पाठ; भरल्या उसानं उलट्या रस्त्याला कशी लागली देव जाणे. मागं उसाचा भारा गाडीबाहेर हातभर आलेला आणि कंदील नाही. मी चढ चढत होतो, डायनामोनं डोळे मिटले होते. समोर काळं दिसलं तेव्हा मी त्या भाऱ्यात तोंड घालून बसलो होतो. वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, पानं कॉलरमधून पाठीपर्यंत गेली. वरनं गाडीवान झोपेत म्हणाला, "कोन खातंय रं ऊस?"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण म्हसवडला पोचलो तेव्हा तोंडावर हे ओरखडे, आणि एका भुवईतून रक्त आलेलं. बादली दारातच राहिली. तिनं मला खुर्चीत बसवलं, हळद लावली. मी गोष्ट रंगवून सांगितली, गाडीवानाची नक्कल केली. ती हसली नाही.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "भरवशाचा दिवा मिळेपर्यंत रात्रीचं यायचं नाही."

"अगं, दिवा आहे की."

"हा दिवा नव्हे. मी पसंत करीन तो दिवा. तोवर एसटीनं या, नाहीतर येऊ नका."

शिक्षिका बोलते ते शेवटचं. माझे रविवार आता एका दिव्यावर येऊन ठेपले होते.

पुढचे दोन रविवार एसटीनं गेलो. तीन तासांचे रविवार. त्यातला पहिला तास प्रवासाचा राग उतरण्यात जायचा आणि शेवटचा तास घड्याळाकडं बघण्यात. माझी चिडचिड अशी झाली की काट्यावर मी उगाच गाडीवानांवर खेकसायला लागलो.

तिच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा आम्ही दोघं सांगलीला दिवा आणायला गेलो. लोक बायकोला घेऊन साडी घ्यायला जातात. आम्ही गणपती पेठेच्या आसपासची सायकलची दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानातला मालक हौशी निघाला. त्यानं काउंटरवर डायनामोंची रांग लावली, देशी, परदेशी, एक मोठ्या काचेचा, एक दोन बल्बांचा. मी एकेकाचं डोकं बोटानं फिरवून बघत होतो. ती प्रत्येकाविषयी एकच प्रश्न विचारायची.

"सायकल थांबली की दिवा राहतो का?"

"न्हाई ताई," मालक म्हणायचा. "डायनामो हाय न्हवं. चाक फिरलं तर जळनार."

"मग हा नको."

चौथ्यांदा तिनं हेच विचारल्यावर मालकानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. थांबलेल्या सायकलीला दिवा कशाला हवा, हे दोघांनाही उमजेना. मग तिचं लक्ष भिंतीला टांगलेल्या बॅटरीकडं गेलं. आपली साधी दोन सेलची, पत्र्याची, शेतावर नेतात ती. तिनं ती घेतली, पेटवली आणि हातातून खाली सोडून दिली. दणकन फरशीवर आपटली. मालक दचकला, बॅटरी जळतच राहिली. "शाळेत पोरांच्या हातात टिकेल तेच मी विकत घेते," ती म्हणाली. "ही हँडलला बांधायची."

"हिच्या उजेडात खड्डा दिसेपर्यंत मी खड्ड्यात असेन," मी म्हणालो. "मी काय उसाला पाणी पाजायला चाललोय?"

"मग डायनामोही ठेवा. दोन्ही ठेवा."

"एका सायकलला दोन दिवे? लोक हसतील."

"उसात तोंड घातलं तेव्हा नाही हसले?"

दुकानाचा मालक खाली मान घालून नट वेगळे करायला लागला. मी दिवा न घेताच पायऱ्या उतरलो. तिनं मागं राहून ती बॅटरी विकत घेतली आणि पर्समध्ये टाकली. कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही भडंग खाल्लं, पण दोघांची तोंडं दोन दिशांना. ती आयर्विन पुलाकडं बघत होती, मी पाण्याकडं. तिखट लागलं म्हणून पाणी मागायचं होतं, तेही मी मागितलं नाही.

आता मला इरेला पेटायला एवढं पुरे होतं. तिला भरवशाचा दिवा हवा ना? मी असा दिवा करणार होतो की म्हसवडच्या कोंबड्यांनी आरवावं. कारखान्याच्या भंगारात एका मोडक्या जीपचा पुढचा दिवा पडला होता. साहेबांना विचारून तो घेतला. एका मित्राच्या बंद पडलेल्या मोटारसायकलची बॅटरी चार्ज करून घेतली, ती कापडी पिशवीत घालून सायकलच्या नळीला लटकवली. हँडलवर लोखंडी पट्टी ठोकून त्यावर तो ताटाएवढा दिवा बसवला. बटण दाबलं तर समोरची भिंत पांढरीफटक. शिवाय सायकल थांबली तरी जळणार! तिच्या प्रश्नाचं उत्तरही आपोआप मिळालं. मी तिला कार्ड टाकलं: दिवा मिळाला, शनिवारी रात्री येतो.

शनिवारी बारा वाजता निघालो तेव्हा मला राजा झाल्यासारखं वाटत होतं. रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. गावं मागं टाकत जात होतो, आणि एका वळणावर समोरून उसाच्या गाड्यांची रांग आली. वीसेक गाड्या असतील. माझा उजेड पहिल्या बैलजोडीच्या डोळ्यांवर पडला आणि बैल जागच्या जागी थांबले. मागचे बैल थांबले. त्यांच्या मागचेही. सगळी रांग उभी राहिली.

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. आमच्या काट्यावर रात्री असाच पांढरा झोत लावलेला असतो, आणि त्या उजेडात आलं की थांबायचं, हे बैलांना हंगामभर शिकवलेलं असतं. बैलांना वाटलं, काटा आला. बैलांचं सोडा. पहिल्या गाडीवरचा गाडीवान झोपेतून उठला, डोळे चोळत खाली उतरला, त्यानं उजेडामागं माझं तोंड बघितलं. रोज काट्यावर दिसणारं तोंड. त्यानं मुंडाशातून उसाची चिठ्ठी काढली आणि अदबीनं माझ्यापुढं धरली.

आणि मी ती घेतली. सवय! हातात चिठ्ठी, पायाखाली डांबरी रस्ता, आजूबाजूला दोन्हीकडं ज्वारी. "पुढं घ्या," म्हणायला तोंड उघडलं आणि मग आम्ही दोघांनीही इकडंतिकडं बघितलं.

"सायब," तो म्हणाला, "काटा कुटं गेला?"

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा. मागचे गाडीवान ओरडायला लागले. एक म्हणाला, "आवं डोळं फोडता का बैलांचं!" दुसरा म्हणाला, "कारखाना हितंच आनलाय जनू सायबांनी, बरं झालं, येरझार वाचली." मी दिवा विझवला तर बैल हलेनात, कारण काट्यावर वजन झाल्याशिवाय हलायचं नसतं. शेवटी एकेकाच्या शेपट्या पिरगाळून रांग पुढं ढकलावी लागली. जाता जाता प्रत्येक गाडीवान मला विचारून जात होता, "वजन किती भरलं, सायब?" पुढं हंगामभर काट्यावर मला हा प्रश्न ऐकावा लागला.

एवढं करून तो दिवा मायणीपर्यंतच टिकला. जीपला तो पोसायला जीपचं इंजिन असतं, माझ्याकडं पिशवीतली बॅटरी. आधी तो पिवळा झाला, मग तांबडा, मग गेला. डायनामो मी घमेंडीत काढून ठेवला होता. चांदणंही नव्हतं. पुढचा सगळा माळ मी सायकल हातात धरून, जिथं रस्ता जरा उजळ दिसला तिथं सीटवर बसून, असा कसाबसा काढला. म्हसवडला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं.

दारात ती नव्हती. घरमालकीण होती, कमरेवर हात ठेवून.

"आवं पावणं, ह्यो काय यायचा टायम झाला?" तिनं मला अंगणातच गाठलं. "बाई पहाटं चारपासनं माडीवर हुब्या हायती. आज न्हाई, दर बारीला. तुमी यायच्या आदी दोन तास. थंडीनं व्हट काळं पडल्यात त्यांचं."

"माडीवर? कशाला?"

"कशाला म्हंजी? तुमचा दिवा बगायला! खिंडीत दिवा दिसला की म्हंत्यात, आलं बगा. मग त्यो दिवा इजतोय. इजला की बाईंचा जीव गोळा. पुन्ना दिसला की जीव येतोय आनि मग पळत खाली, बादली घिऊन दारात. आज दिवाच न्हाई. मी नारळ बोलून बसले शिदनाथाला."

मी पायऱ्या चढून माडीवर गेलो. ती कठड्याशी शाल घेऊन बसली होती, डोळे लाल. मी काही बोलायच्या आत तिनं बोट केलं. तिथून सगळा माळ दिसत होता, आणि पलीकडं डोंगराच्या सोंडेतली खिंड, जिथून माझा रस्ता खाली उतरायचा. तिथून गावापर्यंत चार-पाच किलोमीटर, मधे दोन चढ आणि एक ओढा.

"ट्रकचे दोन दिवे असतात," ती म्हणाली. "मोटारसायकलचा एक, पण तो सरळ येतो. तुमचा पिवळा असतो आणि डुलत येतो. लांबनं ओळखते मी. पण चढावर तो जातो. तुम्ही थांबलात की जातो. तुम्ही विडी ओढायला थांबलात, का चेन पडली, का ट्रकनं उडवलं, मला इथनं काय कळणार? मी आपली अंधाराकडं बघत बसते."

सांगलीच्या दुकानातला तिचा प्रश्न मला तेव्हा कळला. मी रस्ता दिसावा म्हणून दिवा शोधत होतो. तिला मी दिसायला हवा होतो. मला एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी हसूही आलं, कारण जिच्यासाठी मी जीप फोडली होती तिला दोन सेलचा उजेड पुरणार होता.

"ती बॅटरी कुठाय?" मी विचारलं.

"उशाखाली," ती म्हणाली, आणि शेवटी एकदाची हसली.

त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून सायकल सजवली. डायनामो पुन्हा जागेवर आला, रस्ता बघायला. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बॅटरी हँडलला घट्ट बांधली, तोंड पुढं. ती मायणी सोडल्यावर पेटवायची, म्हणजे सेल पहाटेपर्यंत पुरतात, आणि पेटवली की मग थांबा, चाला, पंक्चर काढा, ती जळत राहते. मागच्या चाकावर तांबडी काच लावली, मागून येणाऱ्या ट्रकसाठी. मी म्हटलं, "झाली पसंत?" तिनं बांधलेली बॅटरी हातानं गदागदा हलवून बघितली, आणि म्हणाली, "या आता खुशाल."

मग काय विचारता! राहिलेला हंगाम आमचा सणासारखा गेला. खिंडीत पोचलो की मी सायकल थांबवायचो, मुद्दाम थांबवायचो, आणि बॅटरीपुढं पंजा धरून तीनदा उघडझाप करायचो. खाली अंधारात म्हसवडच्या एका कोपऱ्यात कंदील उजवीकडून डावीकडं हलायचा. माझं सगळं अंग हलकं व्हायचं. पाय दुखत असले तरी तिथून पुढं दुखायचे नाहीत. ओढ्यापाशी मी उगाच थांबून राहायचो, तिला कळावं की आता थांबलो तरी दिवा आहे. घरमालकीण खालून ओरडायची, "बाई, तुमचं चांदनं उगावलं बगा!" आणि ती बादलीबिदली न घेता सरळ खाली यायची. पाण्याची सबब आता संपली होती.

हंगाम संपत आला तेव्हाची गोष्ट. ऊस आटोपला होता, हवेत उकाडा आला होता. असाच शनिवारी निघून मी पहाटे खिंडीत पोचलो, अजून उजाडायचं होतं. पंजा धरून उघडझाप केली. कंदील हलला नाही. पुन्हा केली. माडी काळीच.

आणि मग मला खाली रस्त्यावर एक दिवा दिसला. गावाकडून माझ्याकडं येणारा, एकटा, पिवळा. नुसता डुलत नव्हता, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हेलपाटत होता. मला हसूच आलं. म्हटलं, पहाटे पहाटे कोण हा नवशिका! आणि हसता हसता मला आठवलं, अंगणात फौजीची सायकल धूळ खात उभी असायची, ती मागच्या खेपेला पुसलेली होती. तिच्या कोपराला खरचटलं होतं, विचारलं तर म्हणाली शाळेच्या पटांगणात पडले. पंधरा दिवसांत सायकल शिकून ही बाई मला घ्यायला निघाली होती.

मला इतका आनंद झाला की मी त्या खिंडीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

मग दिवा ओढ्यात उतरला आणि दिसेनासा झाला. उतार आहे, मी म्हटलं, वर येईल. मी वाट बघितली. ओढ्याच्या अलीकडं चढ आहे, तिथं तो वर यायला हवा होता. आला नाही. आणखी थांबलो. अंधार जसाच्या तसा. फौजीच्या सायकलला डायनामो आहे, चढावर ती उतरून चालत असेल, चालताना डायनामो कुठला जळतोय, हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण ठाऊक असून काही उपयोग होत नाही. मला ओढ्यातले दगड दिसले, पुलाचा मोडका कठडा दिसला, भरधाव येणारा ट्रक दिसला. एवढ्या सगळ्या रात्री ती माडीवर कशी उभी राहिली असेल हे मला त्या दोन मिनिटांत समजलं, आणि मला ती दोन मिनिटं सोसेनात.

मी सायकल उतारावर घातली, वळण संपल्यावर थांबलो आणि ओरडलो, "अगं ए!" माझाच आवाज डोंगरावर आपटून परत आला. पुन्हा ओरडलो. काही नाही. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा माझा आवाज मला ओळखू आला नाही.

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. "अहो," "ऐकलंत का," "घरातलं माणूस," असं काहीही म्हणेल, पण नाव नाही. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा तिनं उखाण्यात घेतलं होतं, तेही इतकं पुटपुटत की दोनदा परत घ्यायला लावलं. त्यानंतर तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं.

त्या पहाटे ओढ्याच्या अंधारातून ते आलं. पूर्ण नाव, आडनावासकट, शाळेत हजेरी घेताना हाक मारतात तसं खणखणीत. सगळ्या माळाला ऐकू जाईल असं.

मी सायकल तिथंच टाकली, आवाजाच्या दिशेनं पळत सुटलो, आणि पळता पळता जिवाच्या आकांतानं 'ओ' दिली.